धाकटीचे फोटो

वाफकाका माझ्या स्टुडिओत पहिल्यांदा आले ते पेन्शनच्या कागदांसाठी फोटो काढायला. मी त्यांना स्टुलावर बसवलं, हनुवटी जरा खाली घ्या म्हटलं, दोन्ही कान दिसू देत म्हटलं आणि बटणावर बोट ठेवलं, तर हे गृहस्थ कॅमेऱ्याकडे बघायचं सोडून भिंतीकडे मान वळवून बसलेले.

"काका, इकडे बघा."

"तुमच्या पायपात हवा धरतेय," ते म्हणाले. केवढ्या मोठ्यांदा! बाहेर बाकावर बसलेल्या बाई दचकल्या. "वरच्या मजल्यावर कुणीतरी नळ अर्धाच बंद करतंय. पाइप थरथरतोय बघा. असंच राहिलं तर सांधा सुटेल."

मी कान दिला. मला काहीसुद्धा ऐकू आलं नाही. म्हाताऱ्या माणसांना काहीतरी बोलायचं असतं, असं मनात म्हणून मी फोटो काढला आणि त्यांना वाटेला लावलं. चार दिवसांनी भिंतीतला सांधा सुटला, मागचा निळा पडदा चिंब भिजला, आणि मी पावतीवरचा पत्ता बघून त्यांचं घर शोधत गेलो. ते जेवत होते. हात धुतला, खुंटीवरची पिशवी घेतली आणि मी पुरतं सांगायच्या आधीच जिना उतरू लागले. अर्ध्या तासात काम झालं. झाल्यावर त्यांनी पायपावर हाताची मागची बाजू टेकवली आणि डॉक्टर पेशंटचा ताप बघतात तसे क्षणभर डोळे मिटून उभे राहिले.

"आता झोपला," ते म्हणाले.

अशी आमची ओळख झाली. तेव्हा ते साठीचे आणि मी चाळिशी ओलांडलेला. माझ्या वडिलांनी काढलेला स्टुडिओ मी चालवत होतो. दिवसाला वीस-पंचवीस चेहरे, सगळे समोर बघणारे, सगळ्यांचे कान दिसणारे. घरी मासिकांचा गठ्ठा होता. त्यातले मोठ्या लोकांनी काढलेले फोटो बघायचे आणि आपल्यालाही असलं काही जमलं असतं म्हणून सुस्कारे टाकायचे, हा माझा रविवारचा उद्योग.

वाफकाकांना वाफकाका का म्हणतात ते मला त्यांच्या बायकोनं, काकूंनी सांगितलं. शहराच्या टोकाला, नदीकाठी जुनं पंपघर होतं. विटांची उंच इमारत, कमानीच्या खिडक्या, आणि आत वाफेवर चालणारी दोन प्रचंड इंजिनं. एकेकाळी सगळ्या शहराचं पाणी त्या दोघी वर चढवत. एकीला थोरली म्हणत, दुसरीला धाकटी, जावाजावा असल्यासारखं. दोघी एकाच वर्षी, एकाच कारखान्यातून आलेल्या. धाकटीची पेटी आठ दिवसांनी उघडली, एवढाच काय तो फरक. पण ते आठ दिवस तिला जन्मभर पुरले.

काका अठराव्या वर्षी तिथं तेलवाला म्हणून लागले. हातात लांब चोचीची तेलाची झारी घ्यायची आणि चालत्या इंजिनात शिरून बेचाळीस ठिकाणी तेल घालायचं. दांडा वर गेला की हात आत, दांडा खाली यायच्या आत हात बाहेर. "पाळणा हलवताना आपला हात कसा आपोआप मागे येतो, तसं," ते सांगत. "मोजायला गेलात की बोट गेलं." त्यांची दहाही बोटं शाबूत होती याचा त्यांना अभिमान होता. डावा कान मात्र इंजिनाला दिलेला. पुढं ते इंजिनचालक झाले. चौतीस वर्षांचे असताना शेजारच्या शेडमध्ये विजेचे पंप आले, बॉयलर उपसून नेले आणि वाफ कायमची बंद झाली. काकांची बदली विजेच्या पंपांवर.

"काम काय, तर हिरवं बटण दाबायचं आणि लाल बटण दाबायचं," ते म्हणत. "कोंबडीनं चोच मारली तरी शहराला पाणी मिळालं असतं. चोवीस वर्षं मी कोंबडीचा पगार खाल्ला."

इंजिनं तशीच राहिली. एवढं धूड हलवायचं कुणी? पण इंजिन नुसतं उभं राहिलं की मरतं. त्याचं वजन एकाच जागी बसतं, बेअरिंग चिकटतं, आणि एकदा चिकटलं की गेलं. म्हणून काकांनी त्या चोवीस वर्षांत, आणि निवृत्तीनंतरही, दर शनिवारी पंपघरात जाऊन तेल घालायचं आणि मोठ्या चाकाच्या भोकात पहार घालून ते पाव फेरा फिरवायचं, असा नेम ठेवला होता. कुणी सांगितलं नव्हतं. किल्ली त्यांच्याकडे राहून गेली होती आणि रखवालदार त्यांच्या हाताखालून गेलेला.

सुरुवातीला ते दोघींचं करत. मग थोरलीच्या डोक्यावरचं छत गळू लागलं. त्यांनी पाणीखात्याकडे सात अर्ज केले. आठव्याची वेळ आली नाही. एका वर्षी पाणी सिलिंडरमध्ये उतरलं आणि थोरली आतून गंजून धरली गेली. "एकीला वाचवायची तर दुसरीवर पाणी सोडावं लागलं," ते म्हणाले. आणि मग जरा थांबून, "छतानं आधीच सोडलं होतं म्हणा."

काकू हे बोलताना हसत नसत. त्या म्हणत, "लग्नाआधी यांनी मला सांगितलं नाही की दोन सवती आहेत. एक आजारी पडली तेव्हा म्हटलं, चला, निदान एक तरी कमी झाली. तर धाकटीचे लाड दुप्पट." पण धाकटीवर घालायची आच्छादनं जुन्या चादरी जोडून काकूंनीच शिवलेली होती, कडेला नाडीसकट.

मी एका शनिवारी कॅमेरा घेऊन काकांबरोबर गेलो. दार उघडलं आणि मी उंबऱ्यातच थबकलो. उजवीकडे थोरली. छताला पडलेल्या भोकातून उजेडाचा एक जाड पट्टा तिच्यावर पडला होता. गंजाचे किती रंग असतात ते मला त्या दिवशी कळलं. नारिंगी, विटकरी, जांभळा, आणि काही ठिकाणी जवळजवळ काळा. पापुद्रे सुटलेले. सिलिंडरच्या सांध्यातून एक रोपटं वर आलेलं. चाकाच्या आऱ्यांमध्ये कबुतरांनी संसार थाटलेले. मासिकातले फोटो जिथं मिळतात ती जागा मला सापडली होती.

डावीकडे काका चादरींच्या नाड्या सोडत होते. धाकटी उघडी पडली. गडद हिरवा रंग, पितळ लखलखीत, दांडे आरशासारखे. खरं सांगायचं तर मला ती शाळेच्या संमेलनात तेल चोपडून, भांग पाडून बसवलेल्या पोरीसारखी वाटली. तिच्यात बघण्यासारखं काय आहे तेच मला कळेना.

"इकडे या," काका म्हणाले. त्यांनी पहार चाकाच्या भोकात घातली आणि अंगाचा सगळा भार तिच्यावर टाकला. चाक दोन पुरुष उंच, निम्मं खड्ड्यात. आधी काहीच झालं नाही. मग ते हललं. सिलिंडरमधून जाड दांडा सावकाश बाहेर आला, तेलानं ओला, आणि आतून एक लांब उसासा ऐकू आला.

"ऐकलंत?" काकांचा चेहरा उजळला होता. "नुसत्या दाबाच्या हवेवरसुद्धा चालेल ही. वाफ नको, बॉयलर नको. माझी मुलगी अर्ज टाईप करणार आहे. बाग करा, भोवती कठडा करा, आठवड्यातून एकदा चालवून दाखवा. शाळेची मुलं बघतील. तुम्ही हिचे फोटो काढा म्हणजे अर्जाला जोडता येतील."

मी काढले. सात-आठ. त्यांनी हातात दिवा धरला, बेअरिंगवर उजेड पाडला, "इथं बघा, केसाएवढीसुद्धा चीर नाही" असं सांगत मला चहूबाजूंनी फिरवलं. मी त्यांचं मन राखायला बटण दाबत होतो आणि मागे थोरलीवरचा उजेडाचा पट्टा सरकत चालला म्हणून माझा जीव वरखाली होत होता.

त्यानंतर मी अकरा शनिवार तिथं गेलो. काका धाकटीचं तेलपाणी करत, मी कॅमेऱ्याची तिपाई लावून थोरलीसमोर ठाण मांडून बसे. अधूनमधून ते येऊन बघत. त्यांना कोडं पडलेलं असायचं. "या बिचारीचा इतका फोटो कशाला काढता?" एकदा त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "काका, हिच्यात गोष्ट आहे." ते म्हणाले, "गोष्ट आहे ना. छताची."

एका शनिवारी मी उशिरा पोचलो. थोरलीवर एक दाब दाखवणारा मोठा काटा होता, जेवणाच्या ताटाएवढी तबकडी. काचेवर धुळीचा थर, त्यातून पुसट दिसणारे आकडे. तो मी मुद्दाम शेवटी ठेवला होता, त्या दिवशीच्या उजेडासाठी. जाऊन बघतो तर काच लखलखीत. काका बाजूला फडकं घेऊन उभे, कौतुक व्हायची वाट बघत.

"म्हटलं तुम्हाला आकडे नीट दिसावेत," ते म्हणाले.

मी चिडलो. "का पुसलंत, काका? मला तो धुळीचाच हवा होता! दोन महिने मी तो तसाच ठेवलाय. आता काय उपयोग त्याचा?"

मी त्यांच्यावर असा कधी ओरडलो नव्हतो. ते गोंधळले. हातातल्या फडक्याकडे बघितलं, ते खिशात कोंबलं आणि बाहेर गेले. रुसले की काय, असं मला वाटलं. तर ते अंगणातली मूठभर माती घेऊन परत आले. तबकडीपुढे उभे राहिले, तळहात तोंडापाशी धरला आणि हळूहळू फुंकत ती माती काचेवर बसवली. एका बाजूला जास्त झाली तर बोटानं सारखी केली.

"आता बरोबर?" त्यांनी विचारलं.

मला हसू आलं. उजेड उत्तम होता. मी पटापट फोटो काढले. ज्या माणसानं आयुष्यभर पुसण्याचं काम केलं त्याच्याकडून मी माती टाकून घेतली, हे मला त्या वेळी जाणवलंसुद्धा नाही. आता दिवसातून दोनदा जाणवतं.

वाचनालयाच्या वरच्या दालनात माझं प्रदर्शन भरलं. नाव दिलं 'अखेरचा श्वास'. चोवीस फोटो, सगळे थोरलीचे. दाराशी मोठा करून लावला होता तो धुळीच्या काट्याचा. लोक आले, हळहळले, "काय दुर्दशा!" म्हणाले. स्थानिक वर्तमानपत्रानं अर्धं पान दिलं. संध्याकाळी काका आले, इस्त्रीचा सदरा घालून, काकूंना घेऊन. त्यांनी एकेक फोटो वेळ देऊन बघितला. शेवटच्या भिंतीपाशी पोचल्यावर ते परत पहिल्या भिंतीकडे गेले आणि पुन्हा सगळी फेरी केली. मग माझ्याकडे आले.

"धाकटी कुठंय?"

"ती यात बसली नाही, काका."

"बसली नाही?"

"म्हणजे... मूड वेगळा पडतो."

त्यांनी मान हलवली. कळल्यासारखी. काकू मात्र फटकन म्हणाल्या, "बसेल कशाला? उभी राहणारी बाई आहे ती."

आजूबाजूचे हसले. मीही हसलो.

त्याच दिवशी पाणीखात्याचे कार्यकारी अभियंता आले होते. सगळे त्यांना साहेब म्हणत. सुशिक्षित, मृदू माणूस. त्यांनी माझा हात हातात घेऊन स्तुती केली आणि खात्याच्या दप्तरी एक संच ठेवायची इच्छा दाखवली. हुरळली मेंढी, लागली लांडग्याच्या पाठी! लांडगा म्हणणंही बरोबर नाही. ते आपलं काम करत होते. चार दिवसांनी त्यांचा कारकून आला. प्रत्येक फोटोच्या मागे मजकूर आणि सही लागेल म्हणाला. मजकूर तोच सांगत गेला आणि मी चोवीस वेळा लिहिला: 'जुने पंपघर. यंत्रांची सद्यस्थिती.' खाली सही, तारीख.

यंत्रांची. यंत्राची नाही. डोक्यावरच्या एका टिंबानं दोन इंजिनं एका दावणीला बांधली. लिहिताना ते टिंब माझ्या लक्षात आलं नव्हतं असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. पण सातव्या की आठव्या फोटोला माझं पेन अडखळलं होतं, हे मला पक्कं आठवतं.

तीन महिन्यांनी काका स्टुडिओत आले. हातात खात्याचं पत्र. मुलीनं टाईप करून, फोटोंशिवायच पाठवलेल्या अर्जाला उत्तर आलं होतं. यंत्रे पूर्णपणे गंजलेली व निकामी असल्याचे उपलब्ध छायाचित्रांवरून स्पष्ट होत असून इमारत धोकादायक आहे; सबब जतन करण्याची विनंती मान्य करता येत नाही. पंधरवड्यापूर्वीच खात्यानं पंपघराला नवं कुलूप घालून मोहोर केली होती. रखवालदाराची दुसरीकडे बदली झाली होती.

"दोन शनिवार गेले," काका म्हणाले. "तेलाशिवाय." मग म्हणाले, "ते पहिल्या दिवशीचे फोटो द्या मला. मी दिवा धरला होता ते. ते दाखवले की संपलं."

मी टेबलावरच्या पावत्या सारख्या करू लागलो.

"धाकटीचे हो."

"काका, ते... कार्डावर जागा नव्हती. पुसले मी."

"पुसले?"

"हो."

"सगळे?"

मी मान खाली घातली. ते बाकावर बसले. बराच वेळ मांडीवरचं पत्र सरळ करत राहिले. मग म्हणाले, "हरकत नाही. बुधवारी साहेब लोकांना भेटतात. तुम्ही नुसते चला. हे फोटो थोरलीचे आहेत, दुसरी चांगली आहे, एवढं एक वाक्य बोला. बाकीचं मी बोलतो."

"येतो ना," मी म्हटलं. "येणारच."

मला जायचं होतं, हे खरं आहे. पण मधल्या काळात तो काट्याचा फोटो मी एका मोठ्या स्पर्धेला पाठवला होता. निकाल दहा दिवसांवर. स्पर्धेचा एक नियम होता: दृश्य जसं सापडलं तसं असावं, छायाचित्रकारानं त्यात बदल केलेला नसावा. साहेबांपुढे एकदा तोंड उघडलं की सगळंच बाहेर येईल, एकच इंजिन का दाखवलं, मागे खोटं का लिहिलं, आणि बोलता बोलता काका अभिमानानं सांगून टाकतील की काचेवरची माती मी फुंकली, अशी मला भीती वाटली. आज ही भीती किती पोरकट वाटते! दहा दिवस. नुसते दहा दिवस थांबू, मग जाऊ, असं मी ठरवलं आणि मंगळवारी बायकोकडून त्यांना निरोप दिला की बुधवारी लग्नाची ऑर्डर आली आहे.

बुधवारी रात्री जेवताना माझी बायको म्हणाली, "अहो, लग्न कुणाचं होतं? दिवसभर तर तुम्ही दुकानातच होतात." मी ताटातून मान वर केली नाही. तिनं पुन्हा विचारलं नाही. त्यानंतर कधीच विचारलं नाही, आणि ते जास्त लागलं.

काका एकटे जाऊन आले होते. साहेबांनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. मग माझे फोटो टेबलावर मांडले. "काका, तुमची माया मला समजते. पण फोटो खोटं बोलत नाही ना," असं ते म्हणाले म्हणे. हे सगळं काकांनी मला साधेपणानं सांगितलं. टोमणा मारण्याची त्यांची पद्धतच नव्हती.

निकाल लागला. मला दुसरं बक्षीस मिळालं. दुसऱ्या दिवशी मी खात्याला सविस्तर पत्र लिहिलं. फोटो एकाच यंत्राचे आहेत, दुसरं उत्तम स्थितीत आहे, मजकुरात माझी चूक झाली. वरातीमागून घोडं. पत्राला पोच मिळाली. इंजिनं तोडण्याचं काम आठवड्यापूर्वीच दिलेलं होतं.

तोडायला सुरुवात झाली तेव्हा मी रोज जात होतो. काका एकदाही आले नाहीत. थोरलीला नऊ दिवस लागले. तिचा एकही नट सुटेना, सगळं गॅस कटरनं कापावं लागलं. मग ते लोक धाकटीकडे वळले. मुकादमानं पाना लावला आणि जोर केला तर तो तोल जाऊन पडायच्या बेतात आला. नट अलगद फिरला होता. त्यानं दुसरा लावला, तिसरा लावला. मग पाना ठेवून हातानंच सोडवायला लागला.

"हिला कुणी जपली होती हो?" त्यानं मला विचारलं. "हे चालू मशीन आहे. हे का तोडतायत?"

सुटलेला एक नट मी उचलला, बोटांना तेल लागलं.

दुपारी त्यांनी दांडे मोकळे केले. नुसतं मोठं चाक आपल्या बेअरिंगवर राहिलं. साखळी अडकवायला एक कामगार आऱ्याला खांदा लावून उभा राहिला आणि चाक निघालं. आवाज नाही, कुरकुर नाही. एवढं मोठं चाक हवेत तरंगल्यासारखं पाऊण फेरा गेलं, थांबलं आणि तितक्याच सावकाश मागं आलं. सगळे कामगार हातातली कामं सोडून बघत राहिले. एक जण हसला, कुणीतरी चुटकी वाजवली. माझ्या गळ्यात कॅमेरा होता. मी तो वर केला आणि एकच फोटो काढला.

तो फोटो घेऊन मी संध्याकाळी काकांच्या घरी गेलो. ते खिडकीपाशी बसले होते. त्यांनी चष्मा लावला, फोटो लांब धरला, जवळ धरला.

"हललाय हो फोटो."

"फोटो नाही हलला, काका. चाक फिरत होतं."

ते पुढं झुकले. "किती फिरलं?"

"पाऊण फेरा. मग मागं आलं."

"पहारीनं?"

"नाही. एका माणसानं खांदा लावला."

"एकट्यानं?"

"एकट्यानं."

"ऐकलंस का," त्यांनी आत हाक दिली, "एकट्या माणसानं फिरवली! तीन महिने तेल नाही, तरी!" काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. काकांच्या चेहऱ्यावर पंपघरातलं ते पहिल्या दिवसाचं तेज क्षणभर आलं. मग हळूहळू गेलं. ते जाताना बघणं फार कठीण होतं.

मी म्हटलं, "काका, त्या बुधवारी लग्न नव्हतं."

"माहीत आहे."

"माहीत आहे?"

"साहेबांकडून येताना मी तुमच्या दुकानावरून आलो. म्हटलं, काय झालं ते सांगून जावं. तुम्ही कुणा बाईंना हनुवटी खाली घ्यायला सांगत होतात. मग म्हटलं, कामात आहेत."

मला वाटलं आता तरी ते रागावतील. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फोटो गुडघ्यावर ठेवला आणि म्हणाले, "तुम्ही एकट्यानं मनाला लावून घेऊ नका. त्या काचेवर माती मीच टाकली. तुम्ही मागितली, पण फुंकली मी. तेव्हा नाही म्हणायला हवं होतं. स्वच्छ काच मळवायची म्हणजे काय? मला कळायला हवं होतं."

माझ्या वाटणीचा दोष हा माणूस आपल्या अंगावर घेत होता, आणि तो परत कसा मागायचा ते मला कळत नव्हतं.

पुढचे शनिवार त्यांना फार जड गेले. सकाळी आंघोळ करून, सदरा घालून ते तयार होत आणि मग जायला जागा नाही हे आठवे. काही महिने त्यांनी आजूबाजूच्या घरांच्या बिजागऱ्यांना तेल घातलं. गल्लीत एकही दार करकरेनासं झालं. "आता चोर आला तरी कळायचं नाही," अशी शेजारीपाजारी थट्टा करत. मग तेही थांबलं. मी जात असे, बसत असे. ते हवापाण्याच्या गप्पा मारत, माझ्या धंद्याची चौकशी करत. पंपघराचा विषय त्यांनी कधी काढला नाही, आणि मला काढण्याचा अधिकार नव्हता. दीड वर्षानं एका दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत.

बक्षिसाचं सन्मानपत्र मी भिंतीवरून काढलं. परतही करायला निघालो होतो, पण ती संस्था तोवर बंद पडली होती. तेसुद्धा मला वेळेवर जमलं नाही. फोटोच्या हौसेचं म्हणाल तर मासिकं रद्दीत गेली. स्टुडिओ अजून चालवतो. कुणी म्हातारं माणूस मान वळवून दुसरीकडेच काही बघू लागलं, तर मी आता बटण दाबायची घाई करत नाही. काय दिसतंय किंवा काय ऐकू येतंय ते विचारतो. बहुतेक वेळा काहीच नसतं.

काका गेल्यानंतर काही महिन्यांनी काकू मुलीकडे राहायला निघाल्या. मी सामान उतरवायला गेलो. घर रिकामं झालं होतं, मधोमध एक लोखंडी ट्रंक राहिली होती. काकू मला पहिल्या महिन्यापासून अरे-तुरे करत. त्या ट्रंकेवर बसल्या आणि म्हणाल्या,

"तुला एक सांगून ठेवते. ते तुला माफ करून गेले. त्यांचा स्वभावच तसा. छतानं गळावं आणि यांनी खाली घमेलं लावावं, जन्मभर तेच केलं. माझ्याकडून मात्र ते व्हायचं नाही. मी प्रयत्न केला, नाही होत."

"होऊही नये, काकू," मी म्हटलं.

"बरं." त्या उठल्या, पदर खोचला, खाली रिक्षावाला भोंगा वाजवत होता. "आता ही ट्रंक जड आहे. ती कडी धर. आणि जिन्यात घाई करू नकोस, वळणावर अडकते."

मी कडी धरली. एकेक पायरी करत आम्ही दोघं खाली उतरलो.